गव्हाच्या कुरडया लालसर होतात, वाळताना तुटतात, काही फुलतच नाहीत. नेमकं कुठे चुकतंय?

इंदिरानगरकर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत कुरडयांचा दुसरा घाणा घालायचा आहे. पहिला बिघडला, म्हणून आधी जाणकारांना विचारून घेते. केलं ते सगळं क्रमाने लिहिते.

गहू लोकवन, २ किलो. निवडून, धुऊन ३ दिवस भिजत ठेवला, पाणी रोज सकाळी एकदा बदललं. चौथ्या दिवशी दुपारी मिक्सरमधून काढला, पुरणाच्या चाळणीतून गाळला आणि चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, पातेल्यात झाकून ठेवला. पहाटे ५ वाजता वरचं पाणी ओतलं. चीक तांब्याने मोजला, तितकेच तांबे पाणी उकळलं, त्यात ४ चमचे मीठ, १ चमचा पापडखार आणि हिंग. सगळा चीक एकदम ओतून घाटला, ५-६ मिनिटं वाफ दिली आणि गच्चीवर नेऊन सोऱ्याने घातला. संपेपर्यंत साडेआठ झाले.

तक्रारी तीन. रंग पांढरा नाही, विटकरीकडे झुकणारा. दुसऱ्या दिवशी उचलताना निम्म्या कुरडयांचा चुरा. आणि तळल्यावर कडा फुलतात, मधला भाग दाताखाली कचकचतो. गहूच बदलावा का?

पंचवटीतली_सुगरण

गव्हाला दोष देऊ नका ताई, लोकवन कुरडईला चांगला चालतो. तुमच्या तीन तक्रारींची कारणंही तीन आहेत, एकात एक गुंतवू नका. मी रंगाचं सांगते, शिजवण्याचं दुसरं कोणी सांगेल.

पहिली चूक पाण्याची. थंडीत दिवसातून एकदा पाणी बदललं तर चालतं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा ३८-४० ला टेकलेला असताना पातेल्यातला गहू दुपारपर्यंत फसफसायला लागतो. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, आणि बदलताना गहू हाताने चोळून एकदा खळबळून घ्यायचा, नुसतं वरचं ओतून भर घालायची नाही. पातेलं सावलीत, शक्यतो मोरीजवळच्या गार फरशीवर ठेवायचं. भिजलेला गहू थोडा आंबूस वासाचा असतोच, पण नाक मुरडावं लागलं तर समजा एक दिवस जास्त झाला. दिवस मोजण्यापेक्षा दाणा दाबून बघा. चिमटीत धरल्यावर टरफलातून पांढरं दूध सहज बाहेर यायला हवं. मधे कणी लागली तर अजून एक रात्र.

दुसरी चूक गाळण्याची. पुरणाच्या चाळणीतून बारीक कोंडा खाली उतरतो, आणि तुमचा विटकरी रंग बराचसा त्या कोंड्याचा आहे. आधी चाळणी, मग धुतलेलं सुती पंचाचं कापड. मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबत थांबत ४-५ वेळा. दाणा फुटला पाहिजे, टरफलाचं पीठ व्हायला नको. चोथा पुन्हा पाण्यात घालून हाताने रगडून पिळायचा. हे दोनदा केलं की त्यात चीक फारसा उरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुमच्या लिहिण्यात दिसलीच नाही. निवळ, म्हणजे वर साचलेलं पाणी, ओतल्यावर पांढऱ्या चिकाच्या वर पिवळट-करडा, बुळबुळीत थर असतो. तो काढला होता का?

इंदिरानगरकर

नाही काढला. मला तोही चीकच वाटला, सगळं एकत्र ढवळून मोजलं.

पंचवटीतली_सुगरण

तिथेच रंग गेला. तो थर म्हणजे गव्हातला चिवट भाग आणि बारीक कोंडा. पांढरा चीक जड, म्हणून तळाला घट्ट बसतो. हा हलका, म्हणून वर राहतो. चमच्याने अलगद खरवडून वेगळा करायचा. चोथ्यात घाला, वाया जात नाही.

शिवाय दुपारी गाळलेला चीक पहाटेपर्यंत एकाच पाण्यात राहिला, म्हणजे १४-१५ तास. ४ तासांनी वरचं पाणी ओतून नवं गार पाणी घालायचं, तळापासून ढवळायचं, आणि परत रात्रभर बसू द्यायचं. या एका धुण्याने रंगात जो फरक पडतो तो कुठल्याही पावडरीने पडत नाही. निवळ ओततानाही घाई नको. पातेलं एकाच बाजूला हळूहळू कलतं करायचं. पांढरी धार दिसली की थांबायचं.

सातपूर_कॉलनी

शिजवण्याबद्दल.

चुरा होणं आणि मधे कच्चं राहणं या दोन तक्रारींचं मूळ एकच, चीक शिजलेला नाही. २ किलो गव्हाचा सगळा चीक एकाच पातेल्यात, आणि वाफ ५ मिनिटं! कडेचा शिजला, मधला गोळा पांढरा राहिला. कच्चा चीक वाळला की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, भुगा होतो. आणि कच्चा भाग तेलात फुलत नाही, नुसता कडक होतो.

असं करा. एका वेळी १ किलो गव्हाचाच चीक घ्या. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, लोखंडी कढई नको, चीक काळपट होतो. पाणी खळखळ उकळल्यावर गॅस मध्यम करायचा. चीक ओतण्याआधी तळापासून हाताने ढवळून सारखा करायचा, कारण १० मिनिटं जरी राहिला तरी तो खाली दगडासारखा बसतो. मग बारीक धार. एक जण ओतणारा आणि एक जण लाटण्याने घाटणारा, हे दोन माणसांचं काम आहे. एकट्याने केलं की गुठळ्या ठरलेल्या, आणि गुठळी सोऱ्याच्या चकतीत अडकली की पुढची सगळी कुरडई तुटक पडते.

घट्ट झाल्यावर पातेल्याखाली तवा सरकवायचा, गॅस बारीक, झाकण लावून १०-१२ मिनिटं. मधे एकदा तळापासून उलथायचं. शिजल्याची खूण: रंग दुधासारखा पांढरा न राहता काचेसारखा, चकचकीत होतो, आणि ओलं बोट टेकवलं तर चिकटत नाही. थोडा चीक बशीत गार करून तोडून बघा. आत पांढरी रेघ दिसली तर अजून ५ मिनिटं.

पाण्याचं माप डोळे झाकून एकास एक धरू नका. निवळ ओतल्यावर चीक इडलीच्या पिठासारखा असेल तर एकास एक बरोबर. तळाशी वडीसारखा घट्ट बसला असेल, पळी रुतवायला जोर लागत असेल, तर एकास सव्वा ते दीड. पाणी कमी पडलं की कुरडई घालताना मनगट मोडतं आणि तार सुकताना तडकते. जास्त झालं की तारा एकमेकींत मिसळून चपटी जाळी होते, ती वाळते पण फुलत नाही.

मीठही कमी करा. चीक वाळून एक तृतीयांशाच्या आसपास राहतो, मीठ तेवढंच राहतं. शिजलेला चीक खाताना अळणीच वाटला पाहिजे. १ किलो गव्हाला सपाट दीड चहाचा चमचा पुरे. जास्त मिठाच्या कुरडया पावसाळ्यात डब्यात मऊ पडतात, ते वेगळंच.

जेलरोड_९९

पापडखाराबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे तो हवाच. त्याशिवाय कुरडई खुसखुशीत होत नाही.

सातपूर_कॉलनी

पापडाला हवा, मान्य. कुरडईला नको. कुरडई फुलते ती नीट शिजलेल्या चिकात उरलेल्या किंचित ओलीची वाफ झाल्यावर, खाराने नव्हे. उलट खाराने गव्हाचं पीठ पिवळं पडतं. २ किलोला १ चमचा म्हणजे रंगाची वाट लावण्याची पुरती सोय. घालायचाच असेल तर १ किलोला चिमूटभर, त्यापुढे नाही.

जेलरोड_९९

चिमूटभरच म्हणत होते मी. पण बरं.

निफाडचा_गहूवाला

गव्हाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लोकवन म्हणजे मुळात ‘लोक-वन’, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेली ‘लोक-१’ ही जात. आता बाजारात पिवळसर, टपोरा दिसणारा कुठलाही गहू लोकवन म्हणून विकला जातो, त्यामुळे नावावर जाऊ नका, दाणा बघा. आमच्या निफाडच्या संशोधन केंद्राची ‘त्र्यंबक’ ही सरबती, म्हणजे पोळीच्या गव्हाची, जात, तीही कुरडईला उत्तम. त्याच केंद्राची ‘गोदावरी’ मात्र बन्सी आहे. बन्सी दाणा कडक, रवा-शेवयांना झकास. कुरडईला घेतलात तर ३ दिवसांत भिजणार नाही, आणि चीक पिवळाच निघणार. तो त्या गव्हाचा स्वभाव आहे, तुमची चूक नाही.

नवा गहू मार्चमध्ये येतो. तो आणल्यावर दोन ऊन द्या आणि मग भिजवा. पोरकिडा लागलेला जुना गहू नकोच, आतून पोकळ दाण्यात चीक तो किती असणार? चांगल्या १ किलो गव्हातून वाळलेल्या कुरडया अर्ध्या किलोच्या आतबाहेर निघतात. ३०० ग्रॅमवर अडकलात तर चोथ्यात चीक राहिलाय.

गच्चीवरचं_वाळवण

घालणं आणि वाळवणं राहिलं.

साडेआठला संपलं म्हणता, म्हणजे शेवटचा चीक गार झालेला होता. गार चीक सोऱ्यातून तुटत तुटत येतो, आणि अशी तुटलेली तार वाळल्यावर सांधली जात नाही. तुमच्या चुऱ्यात हाही वाटा आहे. चिकाचं पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून, झाकून गच्चीवर न्या. एका वेळी सोऱ्यात मावेल तेवढाच काढा, लगेच झाकण. सोऱ्या पितळी असेल तर हाताला कापड गुंडाळा, चटका बसतो. भांडीबाजारात फिरवायचा पितळी सोऱ्या मिळतो, गरम चिकाला तोच बरा. हलक्या अॅल्युमिनियमच्या साच्याचे आटे चिकाच्या दाबाने लवकर झिजतात. चकती बारीक शेवेची. आतून तेलाचं बोट फिरवायचं, दर ३-४ भरणींनी पुन्हा.

कुरडई दोन वेढ्यांची, फार तर तिसरा. जाड ढीग घातलात तर वरची तार कडक आणि खालची ओली, तळताना मधलं कचकचणं तिथूनही येतं.

जाड प्लास्टिकच्या कागदावर घाला. चिकटलेली कुरडई ओढायची नाही. वाळली की ती आपणच सुटते. संध्याकाळी वरून सुकलेली दिसली तर कागदाखालून हात घालून सोडवायची आणि उलटून ठेवायची. दुसऱ्या दिवशी खालची बाजू उन्हाकडे. उन्हाळ्यात कडक ऊन असेल तर २ दिवस, नाहीतर ३. मोडल्यावर ‘कट्’ आवाज आला पाहिजे. दुपारी वारा सुटला की धूळ बसते, म्हणून वरून जुनी पातळ सुती ओढणी आणि कडेला विटा. कबुतरांचा बंदोबस्तही त्यातच होतो.

ढग आले तर? चीक शिजवायचा राहिला असेल तर वर पाणी ठेवून फ्रिजमध्ये एक दिवस सहज टिकतो, सकाळी पाणी बदलायचं. कुरडया घातलेल्या असतील तर कागदासकट घरात, पंख्याखाली, रात्रभर. एकावर एक रचू नका, पोटात बुरशी धरते. अवकाळीचा अंदाज असेल त्या आठवड्यात गहू भिजवूच नये, हे खरं उत्तर.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. गाळायला कापड, थर काढणं, दोन घाणे, पापडखार बंद, हे कळलं. दोन शंका. आधीच्या कुरडयांचं काय करू? आणि इतका चोथा निघतो, तो गाईलाच घालायचा का?

पंचवटीतली_सुगरण

चुऱ्याची भाजी करा. गरम पाण्यात ५ मिनिटं भिजवून चाळणीत निथळायचा. तेलात मोहरी, जिरं, लसूण, भरपूर कांदा, हिरवी मिरची, मग हळद, चुरा आणि दाण्याचं कूट. झाकून दोन वाफा. मीठ शेवटी चाखून, तुमच्यात आधीच जास्त आहे. मधे कच्च्या राहिलेल्या कुरडया तळण्यात तेल घालवू नका, त्याही याच भाजीत चालतात.

चोथ्याच्या भुसवड्या घालतात. १ किलो गव्हाच्या चोथ्याला ८-१० लसूण पाकळ्या, २ चमचे लाल तिखट, १ चमचा जिरं, २ चमचे तीळ, चवीला मीठ. काढलेला पिवळा थरही त्यातच, त्याच्या चिवटपणाने वड्या सुटत नाहीत. लिंबाएवढे गोळे चपटे करून ३ दिवस कडक उन्हात. तळायच्या मंद आचेवर, लगेच करपतात.

गच्चीवरचं_वाळवण

कुरडया तळताना मात्र उलट. तेल चांगलं कडक हवं, तुकडा टाकल्याबरोबर वर येऊन फुलला पाहिजे. कोमट तेलात सोडलेली चांगली कुरडईही दगड होते. आणि डब्यातल्या काढल्यावर तळायच्या आधी तासभर ऊन द्या.

निफाडचा_गहूवाला

आणि ताई, घाणा घालाल तेव्हा घरच्यांसाठी वाटीभर गरम चीक आधी बाजूला काढून ठेवा, वर दूध-साखर किंवा तेल-तिखट. नाहीतर पातेल्यावर पोरं तुटून पडतात आणि सोऱ्या फिरवायला कोणी उरत नाही.