शब्दचर्चा : लाकडी तलवार – रूपक, प्रतीक की खूण?

इंदिरानगर, नाशिक

भाचीला महाविद्यालयात एका कथेवर मराठीतून टिपण लिहायचं होतं. कथा अँब्रोस बिअर्स या अमेरिकी लेखकाची, ‘चिकामॉगा’, १८८९ सालची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. एका गरीब मळेवाल्याचा सहाएक वर्षांचा मुलगा लाकडी तलवार घेऊन रानात खेळायला जातो, वाट चुकतो, रडत रडत दोन खडकांच्या मध्ये झोपी जातो. जाग येते तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या असतात आणि रानातून जखमी सैनिकांचे लोंढे हातागुडघ्यांवर सरपटत ओढ्याकडे चाललेले असतात. मुलाला तो खेळच वाटतो. तलवार रोखून तो त्यांच्या पुढे चालू लागतो. पलीकडे आगीचा उजेड दिसतो, तो तिकडे धावतो, आणि जळणारं घर त्याचंच निघतं. आई तिथेच मरून पडलेली असते.

भाचीनं लिहिलं होतं, “लाकडी तलवार हे युद्धाचं रूपक आहे.” शिक्षकांनी ‘रूपक’ खोडून ‘प्रतीक’ केलं, कारण काही लिहिलं नाही. तिची आई म्हणते ‘प्रतिमा’ हवं होतं. मला तर ‘खूण’ किंवा ‘चिन्ह’ का चालू नये, हेही सांगता येईना. या शब्दांत खरंच फरक आहे का, की ज्याला जो आवडेल तो त्यानं वापरावा?

पंचवटी

ताई, फरक आहे, आणि ही कथा तो दाखवायला फार चांगली आहे. शिक्षकांनी शब्द बरोबर बदलला. पण तेवढ्यानं वाक्य सुधारलं असं मला वाटत नाही. अडचण ‘रूपक’ या शब्दात आहे तितकीच ‘अमुक हे तमुकचं प्रतीक आहे’ या साच्यात आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी रूपक. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं व्याख्या दिली आहे ती उपमान आणि उपमेय यांच्या अभेदाची. दोन गोष्टी वेगळ्या असूनही ‘ही तीच’ असं ठामपणे सांगायचं. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणेश आठवा : ‘अष्टादश पुराणें । तींचि मणिभूषणें’. त्या ‘तींचि’मधल्या ‘चि’वर सगळं रूपक उभं आहे. पुराणं दागिन्यांसारखी आहेत असं माउली म्हणत नाहीत, पुराणं हेच दागिने म्हणतात, आणि मग एकेक अवयव घेऊन ते रूपक पुढे नेतात. बिअर्सनं तलवारीबद्दल असा अभेद कुठेही सांगितलेला नाही. कथेत तलवार म्हणजे लाकडाचा तुकडा, बस्स. म्हणून रूपक नव्हे. (रूपकाचा ‘नाटक’ हा जुना अर्थ इथे बाजूला ठेवू. रूपककथा म्हणावी तर प्रत्येक पात्र एकेका गुणाचं नाव घेऊन वावरायला हवं. तसंही इथे नाही.)

खूण म्हणजे एखाद्या गोष्टीनं मागे ठेवलेला किंवा तिच्याशी प्रत्यक्ष बांधलेला पुरावा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून आपण गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतो, ती खूण. पाणी खरोखर तिथे पोचलेलं असतं, कल्पनेचा प्रश्न नसतो. या कथेतही खुणा आहेत : रानात पडलेल्या घोंगड्या, मोडक्या बंदुका, ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेली पावलं. जाणत्या माणसानं त्या वाचल्या असत्या आणि सैन्य कोणत्या दिशेनं गेलं ते सांगितलं असतं. मुलाला त्या वाचता येत नाहीत. वाचकाला येतात. कथेतला ताण बराचसा याच फरकातून येतो.

चिन्ह ठरवून दिलेलं असतं. निवडणुकीचं चिन्ह, अधिक-उणेचं चिन्ह. त्याच्या अर्थासाठी कथा वाचावी लागत नाही.

प्रतिमा म्हणजे शब्दांनी डोळ्यांपुढे किंवा कानाशी उभी राहणारी गोष्ट. झाडांमागून येणारा लाल उजेड, त्यात सरपटणाऱ्यांच्या पडलेल्या राक्षसी सावल्या, ही प्रतिमा. भाचीच्या आईचं म्हणणं अगदी चूक नाही, कारण तलवारही आधी प्रतिमाच आहे. पण सगळ्या प्रतिमा प्रतीक होत नाहीत. प्रतिमा एकदा येऊन गेली तरी तिचं काम होतं. प्रतीक पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक खेपेला मागच्या खेपेचा अर्थ बरोबर घेऊन येतं.

आता तलवारीकडे पाहा, कारण सगळं तिच्यात आहे. मुलाचा बाप तरुणपणी सैनिक होता, त्याच्या घरात लढायांची पुस्तकं आणि चित्रं आहेत. ती पाहून मुलानं तलवार स्वतः केली आहे. ती इतकी ओबडधोबड आहे की बापालाही ती तलवार म्हणून ओळखता आली नसती. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मुलाला वारसा बापाकडून मिळाला, पण हातात आलं ते बापाला न ओळखण्याजोगं. मग ती घेऊन तो चित्रातल्या वीरांसारखे पवित्रे घेतो, अदृश्य शत्रूला ओढ्यापार पिटाळतो. तिथे ती शस्त्र आहे. पुढे वाट चुकल्यावर तीच कवटाळून तो झोपतो. लेखक तिथे सांगतो की आता ती शस्त्र उरलेली नाही, सोबत झाली आहे. जागा झाल्यावर तो जखमींच्या पुढे तीच रोखून चालतो, तेव्हा ती सेनापतीची तलवार होते, आणि मागे चालणारे तर मरणाच्या दारातले. शेवटी आगीत टाकायला सरपण शोधतो, सापडतं ते लांबून फेकवत नाही इतकं जड असतं, तेव्हा तलवारच टाकतो. ती जळण होते. त्यानंतर काही क्षणांतच त्याला कळतं की हे घर आपलं आहे.

शस्त्र, सोबत, सेनापतीपद, सरपण. आता सांगा, ‘युद्धाचं प्रतीक’ या दोन शब्दांत यातलं किती मावलं?

म्हणून त्या साच्याबद्दल बोलतो. ‘प्रतीक’ हा शब्द प्रति हा उपसर्ग आणि अञ्च् हा संस्कृत धातू यांवरून आला आहे, आपल्याकडे वळलेलं, समोर दिसणारं. संस्कृतात त्याचे अर्थ चेहरा, बाहेरचं रूप, अवयव, अंश असे आहेत. म्हणजे जे दिसतं ते आणि जे पुरं दिसत नाही त्याचा एक भाग, दोन्ही. ब्रह्मसूत्रांत (४.१.४) ‘न प्रतीके न हि सः’ असं सूत्र आहे. छांदोग्य उपनिषदात मन किंवा सूर्य यांची ब्रह्म म्हणून उपासना सांगितली आहे. तिथे उपासकानं त्या प्रतीकाशी स्वतःची गल्लत करू नये, कारण ते प्रतीक म्हणजे तो नव्हे. सूर्य सूर्यच राहतो, आणि त्यातूनच पलीकडे पाहायचं. वेदान्तातली ही चर्चा कथेला जशीच्या तशी लावता येणार नाही हे मान्य, पण शब्द वापरताना एवढं भान तरी तिच्यातून घ्यावं : प्रतीकाची समोरची वस्तू पुसून टाकून तिच्या जागी अर्थ लिहायचा नसतो. ‘तलवार म्हणजे युद्ध’ असं लिहिलं की तलवार संपली. मग तिच्या ओबडधोबडपणाकडे, तिला कवटाळून झोपण्याकडे पाहायचं कारणच उरत नाही.

देवळाली कॅम्प

पंचवटीकर सरांनी एक गोष्ट सोडली, म्हणून लिहितो. मुलगा ऐकू-बोलू न शकणारा आहे, हे लेखक अगदी शेवटी सांगतो. टिपणांत बहुतेक जण लिहितात, ‘मुलाचं बहिरेपण हे माणसाच्या असंवेदनशीलतेचं प्रतीक आहे.’ मला ते पटत नाही.

आमच्याकडे तोफखान्याचा सराव चालतो तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरतात, दुपारी झोपलेली मुलं दचकून उठतात. आणि तो तर फक्त सराव. चिकामॉगाची लढाई १९ आणि २० सप्टेंबर १८६३ ला जॉर्जियात झाली, दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३४ हजार जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. बिअर्स स्वतः त्या लढाईत होता, तोफांचा आवाज काय असतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. एवढी लढाई जवळून गेली आणि मूल झोपून राहिलं, हे वाचताना आपल्याला विचित्र वाटतं, पण आपण थकव्यावर ढकलून पुढे जातो. शेवटी कारण कळतं. म्हणजे बहिरेपण हे आधी कारण आहे, कथेच्या घटनेचा खिळा. ते काढलं तर कथाच घडत नाही. त्याला थेट प्रतीक म्हणून टाकणं म्हणजे त्या मुलाचं जे प्रत्यक्ष आहे ते आपल्या सोयीसाठी वापरणं.

आणखी एक, शब्दाबद्दलच. टिपणात ‘बहिरा-मुका’ लिहू नये. ‘मूकबधिर’ही आता मागे पडतोय, ‘कर्णबधिर’ लिहावं.

इंदिरानगर, नाशिक

दोघांचेही आभार. भाचीला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न आहेत. जखमींचे पांढरेफटक चेहरे आणि त्यांवरचं रक्त पाहून मुलाला सर्कशीतला रंगवलेला विदूषक आठवतो आणि तो हसतो. हे प्रतीक आहे का? आणि सुरुवातीला सशाला घाबरून तो पळतो, तो ससा?

पंचवटी

पहिलं प्रतीक नाही, उपमा आहे. पण ती कुणाची उपमा हे टिपणात आलं पाहिजे. साधर्म्य लेखकाला दिसलेलं नाही, मुलाला दिसलं आहे. त्याच्या ओळखीच्या जगात पांढऱ्या तोंडावर लाल रंग फक्त सर्कशीत असतो. तसंच पुढे एका जखमीच्या पाठीवर तो घोडा-घोडा करायला बसतो, कारण बापाच्या गुलामांच्या पाठीवर बसून खेळायची त्याला सवय आहे. तो माणूस त्याला झटकून टाकतो आणि वळतो, तेव्हा दिसतं की त्याचा खालचा जबडाच नाही. लढाई ज्या कारणासाठी चालली आहे ते या एका ओळीत येऊन जातं, मुलाला त्याची जाणीवही नसते. इथे मी ‘सूचन’ हा शब्द वापरीन. ध्वनिकारांनी, म्हणजे काव्यातल्या सुचवलेल्या अर्थाचा विचार मांडणाऱ्या संस्कृत शास्त्रकारांनी, ज्याला व्यंजना (शब्दाची सुचवण्याची शक्ती) म्हटलं ती हीच जागा. प्रतीक न होताही तपशील फार काही सुचवू शकतो, हे लक्षात ठेवलं तर प्रत्येक गोष्टीवर ‘प्रतीक’ची चिठ्ठी लावायचा मोह होत नाही.

सशाबद्दल जपून. आपल्याला ससा म्हटला की ‘आभाळ पडलं, पळा पळा’ आठवतो, म्हणून ससा म्हणजे भित्रेपणा असं आपण चटकन लिहून बसू. तो आपल्या बालकथांतला संकेत झाला. या कथेत ससा कुणालाच घाबरून पळत नाही, अचानक समोर येतो आणि वीर पळतो. एवढं लिहिलं तरी पुरे. ससा पुन्हा कथेत येत नाही, म्हणून त्याला प्रतीक म्हणायची घाई नको.

जुनं नाशिक

वेगळी पुरवणी. प्रतीकाच्या अर्थानं मराठीत ‘लाक्षणिक’ही चालतो, पण फक्त ठरावीक ठिकाणी : लाक्षणिक उपोषण, लाक्षणिक संप. कथेबद्दल ‘तलवारीचा लाक्षणिक अर्थ’ असं लिहिलं तर जरा वेगळं होतं, कारण लक्षणा म्हणजे मूळ अर्थ जमत नाही म्हणून जवळचा अर्थ घेणं. आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. ‘गंगेवर बुधवारचा बाजार भरतो’ म्हणतो, तेव्हा बाजार पाण्यावर नसतो, काठावर असतो. अलंकारशास्त्रातलं ‘गंगायां घोषः’ (गंगेवर गवळीवाडा) हे उदाहरण नाशिककर रोज बोलतात. तलवारीचा मूळ अर्थ मात्र जमतोच. मुलाच्या हातात खेळण्यातली तलवार आहे, त्यात काही अडत नाही. म्हणून तिथे लाक्षणिक नको.

दुसरं, ‘हा मुलगा युद्धातल्या सगळ्या मुलांचं प्रतीक आहे’ असंही वाचायला मिळतं. तिथे ‘प्रतिनिधी’ किंवा ‘प्रातिनिधिक’ हा शब्द बसतो. एक मूल अनेक मुलांच्या वतीनं उभं आहे, दोन्हीकडे मुलंच आहेत. पण या मुलाबाबत तेही ताणूनच. गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्याच्या घरचा तो मुलगा आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि लेखन : प्रतीक, ‘ती’ दीर्घ. प्रतिमा आणि प्रतिनिधी यांत ‘ति’ ह्रस्व, म्हणून हाताला तीच सवय लागते आणि ‘प्रतिक’ लिहिलं जातं. प्रतीची, प्रतीत यांच्यासारखं ते दीर्घ. शब्द नपुंसकलिंगी, अनेकवचन प्रतीके किंवा बोलण्यात प्रतीकं.

इंदिरानगर, नाशिक

भाचीनं वाक्य पुन्हा लिहिलं आहे, देते :

“मुलानं बापाची पुस्तकं पाहून केलेली लाकडी तलवार कथेत पुन्हा पुन्हा येते. खेळातलं शस्त्र, झोपेतली सोबत, जखमींच्या पुढे चालताना मिरवलेला अधिकार आणि शेवटी स्वतःच्या घराच्या आगीत टाकलेलं जळण, असे तिचे अर्थ बदलत जातात, आणि त्यातून ती प्रतीक होते.”

‘कशाचं’ हा शब्द तिनं मुद्दाम टाळला आहे. शिक्षक विचारतील अशी तिला धास्ती आहे.

पंचवटी

विचारू द्या. तिनं म्हणावं की उत्तर आधीच्या वाक्यात आहे, बदलत जाणाऱ्या त्या अर्थांत. तरीही एक शब्द हवाच असेल तर ‘युद्ध’ नको, ‘युद्धाचं आकर्षण’ लिहावं. ते बापाच्या पुस्तकांपासून सुरू होतं आणि आगीपाशी संपतं, म्हणून निदान कथेच्या दोन्ही टोकांना पोचतं. ‘ती प्रतीक होते’ मधलं ‘होते’ मात्र कुणी ‘आहे’ करू म्हटलं तर करू देऊ नका. कथेच्या पहिल्या पानावर ती प्रतीक नसते.