हे नाणं कॉन्स्टन्टाइनचंच ना?

लीड्सकर: यॉर्कच्या नाणेबाजारात एका आजोबांच्या डब्यातून हे उचललं. "कॉन्स्टन्टाइन द ग्रेट" (रोमन सम्राट), एवढंच बोलले. काळपट हिरवं, १७ मिमी, २.४ ग्रॅम. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला पोरसवदा चेहरा. नावाची सुरुवात झिजलीय, पुढे 'आयएनव्हीएस आयव्हीएन एनओबी सी' वाचता येतं. मागे भालेवाले दोन शिपाई, मधे दोन निशाणं, आणि खाली चक्क 'टीआरपी'! बायको म्हणते, रोमनांच्याही मालिका होत्या वाटतं. साफ करू का? आईने फोनवर चिंच-मीठ सुचवलंय.

नाणेवेडा: आधी ती चिंच लांब ठेवा! आंबटाने वरचा हिरवा थर जातो आणि मागे उरतो लालभडक तांब्याचा तुकडा. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, आणि धीर धरा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो धातूला लागलेला रोग आहे, नाणं कोरड्या जागी ठेवा.

आता ओळख. आजोबांनी बापाचं नाव सांगितलं, नाणं पोराचं आहे. 'आयव्हीएन' म्हणजे धाकटा, 'एनओबी सी' ही सीझरची, म्हणजे युवराजाची पदवी. बापाच्या नाण्यावर 'मॅक्स ऑग', म्हणजे थोर सम्राट, असतं. तेव्हा हा दुसरा कॉन्स्टन्टाइन. ३१७ मध्ये तान्हेपणीच सीझर झाला, ३४० मध्ये इटलीतल्या ॲक्विलियाजवळ धाकट्या भावाच्या सैन्याशी लढताना मेला. भाऊबंदकी कुणाला चुकलीय!

शिपायांभोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस' असणार, सैन्याचा गौरव. निशाणं दोन असली की साल साधारण ३३० ते ३३५. पुढे नाणं हलकं झालं आणि निशाण एकच उरलं. 'टीआर' म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरची टांकसाळ, 'पी' म्हणजे तिथला पहिला विभाग. 'एस' असता तर दुसरा. लंडनची टांकसाळ ३२५ मध्येच बंद पडली होती, त्यामुळे ब्रिटनमध्ये ट्रिअरचा माल भरपूर सापडतो.

कोकण्या: किंमत किती येईल? आणि आपल्याकडे सापडतात का अशी?

नाणेवेडा: किमतीची स्वप्नं नकोत, ही प्रचंड संख्येने पाडली गेली. दोघांचं जेवण निघालं तरी खूप. आपल्याकडची गाजलेली रोमन नाणी बहुतेक ऑगस्टस आणि तायबेरियस या सम्राटांची, चांदीची, कोइमतूरच्या बाजूला सापडलेली. म्हणजे याच्या तीनशे वर्षं आधीची. असली चौथ्या शतकातली बारकी तांब्याची नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत मिळाली आहेत.

लीड्सकर: धाकटा तर धाकटा, आवडला. पण नकली तर नसेल?

नाणेवेडा: एवढ्या स्वस्ताची नक्कल सहसा कुणी करत नाही. तरी कडेचा फोटो टाका, उजेड तिरपा घेऊन. कडेला गोल फिरणारी शिवण दिसली तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली.