‘शिस्त’, ‘शिक्षा’ आणि ‘वळण’

विचारणा (पारोळा):
शाळेच्या फलकावर मी ‘शिस्तीचे नियम’ असं लिहिलं. पहिलीतल्या एका मुलाची आजी म्हणाली, “गुरुजी, म्हणजे आता मारणार का?” सोबतचे शिक्षक म्हणतात, शिस्त हा ‘शिष्ट’चा अपभ्रंश. शिस्त, शिष्ट आणि शिक्षा एकाच घरातले शब्द आहेत का?

उत्तर (शिरपूर):
नाहीत. शिस्त फारसीतून आली. तिकडे ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडंही, आणि पुढे नेम. मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे असा वापर होता. त्यात मार नाही, लक्ष्यावर डोळा आणि स्थिर हात आहे. अंगठ्यावरून आलेला शब्द आपण पोरांना अंगठे धरायला लावण्यापर्यंत नेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘शिष्ट’ शास् धातूचा. शिष्य, शास्त्र, शासन हे त्याचे भाऊबंद. ‘शिक्षा’ शिक्ष् धातूची, म्हणजे शिकणं. सहा वेदांगांतली ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र. हिंदीत हा शब्द शिक्षणाचाच राहिला, मराठीत त्याच्या वाट्याला दंड आला. मध्य प्रदेशात सेंधव्याला ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचून माझ्या मुलीने विचारलं होतं, “इथे पोरांना शिक्षा करतात?”

आजीबाईंना मात्र सांगा, शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. ‘ढ’ म्हणून सगळ्यांसमोर हिणवणं यालाही मी छळच म्हणेन.

उत्तर (अमळनेर):
व्युत्पत्ती पटली. पण लहान मुलांसाठी आपल्याकडे ‘वळण’ हा जास्त चांगला शब्द आहे, तो का सोडायचा? पोराला वळण लावतात आणि अक्षरालाही. ‘ळ’ गिरवताना मुलाची मूठ आपल्या हातात असते; जोर केला की पेन्सिलीचं टोक मोडतं. हळूहळू आपण हात सैल सोडतो आणि ‘ळ’ त्याचा तो वळतो. वळण लावायला असं शेजारी बसावं लागतं, धाक दारातूनही घालता येतो. साने गुरुजी आमच्या गावात १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयही सांभाळायचे. गावात आजही त्यांच्या मायेचीच आठवण काढतात.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा “खाली बसा” म्हटलं तरी उभाच राहायचा. मी त्याला उद्धट समजले, दोनदा वर्गाबाहेर काढलं. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी दारातून म्हणाल्या, “आठे बठ रे भाऊ.” तो लगेच बसला. घरी अहिराणी, कानावर पुस्तकी मराठी, त्यात मी एकट्या पोराला ‘बसा’ म्हणत होते. ते त्याला उद्देशून आहे हेच त्याला कळत नव्हतं. यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिली. मूल ऐकत नाही असं म्हणण्याआधी आपण त्याच्या बोलीत बोललो का, हे पाहावं.

विचारणारे (पारोळा):
फलक पुसून ‘आमच्या वर्गाचं वळण’ लिहिलं. पहिली ओळ पोरांनीच सांगितली: डबा खाण्याआधी नळावर हात धुवायचे, आधी लहान, मग मोठे. पहिलीच्या दारावर ‘बसा’ लिहू की ‘बठा’?

उत्तर (अमळनेर):
दोन्ही लिहा. ‘बठा’ वर.