तातडीने मदत हवी: आईच्या नावात फरक, नेव्हीची पेन्शन अडकली आहे

पालशेतची_लेक
बाबा जाऊन पाच महिने झाले, आईची पेन्शन अजून सुरू नाही. चार वेळा बँकेत गेलो, दर वेळी "नाव जुळत नाही" एवढंच ऐकून परत. मी ठाण्याला, आई गावाला, मला सारखी रजा मिळत नाही. फक्त एवढं सांगा, राजपत्रात नाव बदलून घ्यावं का? किती दिवस लागतात? कोणी म्हणतं वारस दाखलाही लागेल. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा, फार दमले आहे.

आंबेरी
ताई, बाबा नोकरीत असताना गेले की निवृत्तीनंतर? हुद्दा काय होता? पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव आहे का?

गडकरी_वाडा
राजपत्र कराच. माझ्या बहिणीचं असंच होतं. घरबसल्या ऑनलाइन अर्ज केला, राजपत्र हातात आलं आणि पुढची सगळी कामं झाली. एकदा राजपत्र असलं की कोणी काही विचारत नाही.

निवृत्त_सुभेदार
रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. पाकिटावर आर्मी नंबर मोठ्या अक्षरात लिहा.

डेकवरून
सुभेदारसाहेब, नेव्हीत रेजिमेंट नाही. खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. नेव्हल पेन्शन ऑफिसही तिथेच, आयएनएस तानाजीच्या पत्त्यावर.
ताई, आंबेरी यांच्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या. कुठल्या कागदात कुठलं नाव आहे तेही लिहा. नुसतं "नाव जुळत नाही" यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही.

पालशेतची_लेक
बाबा १९६८ ला भरती झाले, १९८३ ला पेटी ऑफिसर म्हणून सुटले. पेन्शनर होते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी चार दिवस गेले, ७५ वर्षांचे होते. पीपीओवर आईचं नाव शुभांगी आहे, आधार आणि पासबुकावर शेवंती. लग्नात नाव बदललं होतं. आधार काढायला गेली तेव्हा तिने शाळेच्या दाखल्यातलं नाव सांगितलं. कोकणात प्रत्येक घरात हे आहे, त्यात एवढं अडायचं कारण काय?

सागरमाथा
ताई, १९७१ ला तुमचे बाबा नेव्हीत होते म्हणजे! कुठल्या जहाजावर? माझे मामा त्या वेळी मुंबई गोदीत होते. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो नौदल दिन. पण ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ते फार जणांना माहीत नसतं. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. दीवला स्मारक आहे, जमलं तर आईला एकदा घेऊन जा.

मालवणी_माणूस
+१. २०२३ चा नौदल दिन आमच्याकडे मालवणात झाला. सिंधुदुर्गासमोर युद्धनौका उभ्या होत्या. आमच्या आळीतले एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर पदकं लावून किनाऱ्यावर उभे होते, कडक सॅल्यूट मारून. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अशा माणसांच्या घरच्यांना कागदासाठी फिरावं लागू नये.

आंबेरी
भावना पोचल्या, पण हा मदतीचा धागा आहे. ताई, आणखी दोन गोष्टी. एक, बाबांची पेन्शन बँकेकडून यायची की स्पर्शमधून? दोन, बाबा गेल्याचं कळवलंय का? कुठे?

पालशेतची_लेक
स्पर्श म्हणजे काय ते नक्की माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा कसलातरी पासवर्ड आला म्हणाले होते. मृत्यूचा दाखला बँकेत दाखवला. बाबांच्या खात्यात नोव्हेंबरपर्यंत पैसे येत होते, मग बंद झाले. ते दवाखान्याच्या उधारीत गेले.

डेकवरून
आता कळलं. मूळ अडचण नावाची नाहीच.
स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याचं पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल. पासवर्ड आला म्हणजे पेन्शन स्पर्शवर गेलेली आहे. ती आता बँक देत नाही, बँकेतल्या खात्यात पैसे फक्त जमा होतात. म्हणून बँकेत कितीही खेपा घातल्या तरी काही होणार नाही. मृत्यूची नोंद स्पर्शवर करायची आणि तिथूनच कौटुंबिक पेन्शनचा दावा उभा राहतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही म्हणून पैसे आपोआप थांबले. बाबा गेल्याचं तिथे अजून कोणाला माहीतच नाही.
बाबा गेल्यानंतर आलेली पेन्शन परत वळती होईल, आईच्या थकबाकीतून कापतात. घाबरू नका. आईची पेन्शन बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे थकबाकी निघेल.

गडकरी_वाडा
पण नाव जुळलं नाही तर स्पर्शवरही परतच येणार ना? म्हणून राजपत्र म्हणतोय.

डेकवरून
राजपत्र नाव बदलण्यासाठी. ताईंची आई आज नाव बदलत नाहीये, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत एवढंच सांगायचंय. त्याला प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं दाखवणारा एखादा जुना कागद. आमच्या शेजारच्या काकूंचं तेवढ्यावर झालं.

गडकरी_वाडा
तुमच्या शेजारी झालं म्हणजे सगळीकडे होईल असं नाही. आधारवर पूर्ण नाव बदलायचं तर राजपत्र मागतात, हे मी स्वतः केलेलं आहे.

आंबेरी
दोघांचंही बरोबर आहे, प्रश्न कुठला कागद बदलायचा एवढाच आहे. आधार बदललं की पॅन, पासबुक सगळंच बदलत बसावं लागेल. त्यापेक्षा पीपीओ आधारप्रमाणे करून घ्या. त्यासाठी नेव्हीकडे अर्ज जातो आणि दुरुस्तीचा पीपीओ निघतो. त्यात आईची जन्मतारीखही तपासा. हे कोणी सांगत नाही. ८० पूर्ण झाली की पेन्शन २० टक्के वाढते आणि ती वाढ नोंदीतल्या तारखेवर ठरते. माझ्या आजीच्या नोंदीत तारीखच नव्हती, तेव्हा फार त्रास झाला.
वारस दाखला पत्नीचं नाव पीपीओवर असताना कशाला? त्यात वेळ घालवू नका.

कायदा_आणि_आपण
पहिली सात वर्षं कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांनी मिळते, तेवढी मागून घ्या.

डेकवरून
नाही. वाढीव दर सात वर्षं किंवा पेन्शनर ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांतलं आधी येईल ते. ताईंचे बाबा ७५ व्या वर्षी गेले. त्यामुळे साधा दर, ३० टक्के. किमान ९,००० आणि त्यावर महागाई भत्ता, याखाली जात नाही.

चिपळूणकरीण
ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्जही द्या हो. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत विधवांनाही एका घराची मिळते. आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड बाबांच्या नावावर असेल तर त्यातही नोंद बदलून घ्या, नाहीतर आईला औषधाच्या वेळी अडेल.

वाट_पाहतोय
माझे काका १० वर्षांनी नेव्हीतून सुटले, त्यांना पेन्शनच नाही. त्यांना काही मिळेल का?

आंबेरी
वेगळा धागा काढा दादा, इथे ताईंचं राहून जाईल. तोवर एवढं करा: वय ६५ च्या वर असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह अनुदानाचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. महिना ४,००० होतं, आता ८,००० केलंय.
ताई, तुम्हीही आधी तिथेच जा. रत्नागिरीला आहे. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक. बाबांचा सर्व्हिस नंबर पाठ करून जा. एजंटला पैसे देऊ नका.

पालशेतची_लेक
सोमवारी रजा टाकून जाऊन आले. सगळ्यांचे आभार, पहिल्या दिवशी मी तुटक लिहिलं त्याबद्दल माफ करा. मृत्यूची नोंद स्पर्शवर झाली. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत १९७१ च्या युद्धाचं पदक, पश्चिमी स्टार, आणि एक जुनं रेशनकार्ड सापडलं, कार्डावर आईची दोन्ही नावं आहेत. बाबांच्याच अक्षरात, कंसात. पदक पेटीत परत ठेवू दिलं नाही आईने, देव्हाऱ्याशेजारी लावलंय.
उद्या प्रतिज्ञापत्र. आई विचारतेय, सही कुठल्या नावाने करू?

डेकवरून
शेवंती. बँकेत जी सही आहे तीच. मजकुरात मात्र दोन्ही नावं पूर्ण येऊ द्या, स्पेलिंग आधारवरून उतरवा. मानखुर्दला पाठवाल तेव्हा स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. काही परत आलं तर इथेच लिहा.