पकड बंदरात असते

जहाजांनी समुद्रात तेल सोडू नये हा कायदा नुसता कागदावर आहे, असं काही जण म्हणतात. भर समुद्रात रात्री जहाजाने तेलकट पाणी सोडलं तर बघायला कोण बसलंय, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण म्हणून कायदा नुसता कागदावरच आहे, हे मला पटत नाही. मी बारा वर्षं इंजिनरूममध्ये काढली. पकड असते ती बंदरात. झेंडा कुठल्याही देशाचा असो, बंदर ज्या देशाचं, त्याचा सर्व्हेयर, म्हणजे सरकारी तपासनीस, जहाजावर चढतो आणि दोष गंभीर असेल तर जहाज अडकवून ठेवू शकतो. या तपासणीसाठी हिंदी महासागरातल्या देशांचा करार आहे, त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात आहे.

बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी सेपरेटर या तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून जातं, तेल 15 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 15 भाग) वर नसेल तरच ते बाहेर सोडायचं, आणि प्रत्येक खेपेची नोंद ऑइल रेकॉर्ड बुक या तेलाच्या हिशेबाच्या वहीत. एकदा सर्व्हेयरने काही न बोलता स्लज, म्हणजे तेलाचा गाळ, साठवायच्या टाकीत मापाची टेप सोडायला लावली, टेपवर जिथपर्यंत काळं लागलं होतं तिथे बोट ठेवलं आणि वहीतला आकडा विचारला. मग टॉर्च घेऊन ओव्हरबोर्ड पाइपच्या, म्हणजे पाणी समुद्रात सोडणाऱ्या पाइपच्या, फ्लँजचा (जोडाच्या चकतीचा) एकेक बोल्ट बघितला. बोल्टचा रंग उडालेला असेल तर पाइप नुकताच खोललाय, म्हणजे सेपरेटर टाळून पाणी सोडलं असेल, असा संशय येतो. आमचा हिशेब जुळला, पण तोवर चीफ इंजिनियरचा बॉयलर सूट घामाने भिजला होता.