मदत हवी आहे: सणाच्या जेवणाला शेजारी येणार, त्यांच्या पेढ्यांचं काय करू?

आम्ही ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. यंदा नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशनाच्या (ज्यू नववर्षाच्या) पहिल्या रात्री, शेजारचं कुटुंब जेवायला बोलावलंय. ते शाकाहारी आहेत; कांदा-लसूण, मध चालतं. आमच्याकडे मात्र नारळाच्या दुधातलं मटण होणारच. सगळंच शाकाहारी करा असं कृपया सुचवू नका, सासूबाई ऐकणार नाहीत.

त्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करायचं ठरलंय. मनुकांचं सरबत, मधात बुडवलेलं सफरचंद, खजूर आणि गव्हाच्या चिकाचा हलवा (तोही नारळाच्या दुधातलाच) सगळ्यांना चालेल.

अडचण वेगळीच आहे. ते कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, आणि आणतात ते पेढे नाहीतर बर्फी. मटणाच्या पंगतीत आम्हाला दुधाचं काही चालत नाही, जेवणानंतरही काही तास नाही. डबा न उघडता फ्रीजमध्ये ठेवला तर त्यांना वाईट वाटेल. "काही आणू नका" म्हणून पाहिलं, त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

डाळिंबं आम्हाला त्या दिवशी लागतातच. मग "मिठाईऐवजी डाळिंबं आणा" असं पाहुण्यांना सरळ सांगितलेलं बरं दिसेल का? आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत?