प्रवासाचा निधी ज्याला आधीच परवडतं त्यालाच का मिळतो?

पाणवठा (धागाकर्ती):

विद्यापीठं विद्यार्थ्यांना इंटर्नशिप, परिषदेचा प्रवास, सुट्टीतलं संशोधन यांसाठी पुरस्कार आणि निधी देतात, हे चांगलंच आहे. माझा आक्षेप पैसे देण्याच्या पद्धतीला आहे. प्रवासनिधी बहुतेक ठिकाणी असा मिळतो: तिकीट तुम्ही काढा, राहण्याचे पैसे तुम्ही भरा, नोंदणी तुम्ही करा, परत आल्यावर पावत्या जोडा, मग पडताळणी होऊन रक्कम खात्यात जमा होईल. म्हणजे निधीसाठीची खरी पहिली अट काय, तर तेवढे पैसे आधीपासून हाताशी असणं. नियमावलीत ही अट कुठेच लिहिलेली नसते. पण जिच्याकडे ते पैसे नाहीत, ती अर्जाच्या वाटेलाच जात नाही, आणि अर्ज न आल्यामुळे समितीला तिचा पत्ताच लागत नाही.

दुसरा मुद्दा 'यापूर्वी मिळालेले पुरस्कार' या रकान्याचा. पहिल्या वर्षी कुणाला तरी छोटासा पुरस्कार मिळतो, त्या एका ओळीच्या जोरावर पुढच्या वर्षी मोठा मिळतो, आणि शेवटच्या वर्षापर्यंत त्याच चार नावांचा फिरता हिशेब सुरू राहतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानातल्या या प्रकाराला 'मॅथ्यू परिणाम' असं नाव दिलं. नेदरलँड्समधल्या नवोदित संशोधकांच्या निधीवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेले आणि जेमतेम खाली राहिलेले, म्हणजे गुणांनी जवळजवळ सारखेच असलेले अर्जदार त्यात ताडून पाहिले होते. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. यामागचं एक कारण मला फार लागलं: एकदा नाकारले गेलेले लोक पुढे अर्जच कमी करतात.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसे आधी द्या, पूर्ण खर्चाचे द्या, जुन्या पुरस्कारांची यादी मागू नका. आणि छाननीत चांगले ठरलेले अर्ज निधीपेक्षा जास्त असतील तर त्यांच्यात सोडत काढा.

तळटीप:

शेवटच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. मी इतिहास शिकवतो आणि निवड समितीवर अनेक वर्षं काम केलंय. सगळे चांगले अर्ज सारखेच असतात असं लांबून वाटतं. टेबलावर घेऊन वाचले की तसं राहत नाही.

दोन विद्यार्थी एकाच अभिलेखागारात जायचं म्हणून निधी मागतात असं धरा. एकाने लिहिलंय, 'तेथील दुर्मीळ कागदपत्रांचा सखोल अभ्यास करण्याचा मानस आहे.' दुसरीने सूची आधीच चाळलेली आहे. कोणत्या मालिकेतल्या कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या हव्यात, वाचनकक्षात एका वेळी किती वह्या मिळतात, त्या मागणी केल्याच्या दिवशी मिळतात की दुसऱ्या दिवशी, छायाचित्रं घ्यायला परवानगी आहे का, हे सगळं तिच्या अर्जात आहे. हव्या असलेल्या वह्या नाजूक अवस्थेत असल्यामुळे मिळाल्या नाहीत तर काय करणार, हेही आहे. तिला तीन आठवडे का हवेत ते मला कळतं. पहिल्यालाही तीनच आठवडे हवेत, पण का ते त्यालाही सांगता येणार नाही. या दोघांची नावं एका पेटीत टाकायची? तिने घेतलेल्या कष्टांचा तो अपमान ठरेल.

जुन्या पुरस्कारांचा रकानाही उगाच ठेवलेला नसतो. आधी दिलेल्या पैशातून काम पूर्ण झालं का, हे आम्हाला बघायचं असतं.

कोरा_कागद:

पाणवठाताईंच्या पहिल्या मुद्द्याला हजार वेळा सहमत. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांच्यासाठी क्रम सांगते.

परिषदेत निबंध स्वीकारल्याचं पत्र येतं. सवलतीच्या दरातल्या नोंदणीची मुदत त्यानंतर थोड्याच दिवसांत संपते. निधी समितीची बैठक मात्र सत्रातून एकदा, आणि ती या मुदतीच्या नंतर. तोवर थांबलं तर नोंदणी महाग, तिकीट त्याहून महाग. न थांबता पैसे भरले तर 'मंजुरीपूर्वी केलेला खर्च ग्राह्य नाही.' आमच्याकडे तर भरपाई सवलतीच्या दरानेच मिळते, मग नोंदणी कधीही केलेली असो.

राहण्याचं तर विचारूच नका. आम्ही चौघींनी पैसे वाचावेत म्हणून एक खोली घेतली. पावती एकीच्या नावावर निघाली, त्यामुळे बाकी तिघींचा दावा फेटाळला गेला. चार स्वतंत्र खोल्या घेतल्या असत्या तर चौघींचेही पैसे मिळाले असते आणि विद्यापीठाला कितीतरी जास्त खर्च आला असता. तिकीट काढायला मी मार्गदर्शकांकडून उसने पैसे घेतले होते. भरपाई येईपर्यंत त्यांच्या खोलीत जाताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. तरीही, ज्यांच्या सहीवर आपली पदवी अवलंबून आहे त्यांचंच देणेकरी व्हायची वेळ कुठल्याही विद्यार्थिनीवर येऊ नये.

जमाखर्च:

मी विद्यापीठाच्या लेखा विभागात आहे. आमची बाजूही ऐका. उचल दिली आणि विद्यार्थी गेलाच नाही, व्हिसा नाकारला गेला, परिषद पुढे ढकलली, किंवा त्याने शिक्षणच सोडलं, तर ती रक्कम खात्यावर 'असमायोजित', म्हणजे हिशेब न लागलेली, म्हणून लटकत राहते. लेखापरीक्षक आम्हाला त्याचा जाब विचारतात. विद्यार्थ्याचा पगार नसतो, त्यामुळे वसुली करायची कुठून? पावती मागणाऱ्या कारकुनाला विद्यार्थ्याचं वाईट करायचं नसतं. त्याने सही केलेल्या प्रत्येक रकमेला तो जबाबदार असतो.

पण यावर उपाय नाहीत असं नाही, आणि ते आमच्याच हातात आहेत. तिकीट आणि नोंदणी विद्यापीठाने थेट भरावी. पैसे विद्यार्थ्याच्या हातात जातच नाहीत, मग उचलीचा प्रश्नच उरत नाही. राहण्या-जेवण्यासाठी पावत्यांऐवजी ठरलेला दैनिक भत्ता द्यावा. एका खोलीत चौघी राहिल्या काय किंवा एकटी राहिली काय, भत्ता तोच. पावत्या तपासायला आमच्या माणसांचे जे तास जातात त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. युरोपात विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी होते. आज त्याच्या कितीतरी पट विद्यार्थी जातात आणि अनुदानाचा मोठा हिस्सा त्यांना सुरुवातीलाच मिळतो. तिथेही लेखापरीक्षण असतंच की.

उंबरठा:

मला वाटतं आपण चुकीच्या टोकाला अडकलोय. मोठे पुरस्कार थोड्यांना देण्यापेक्षा छोट्या रकमा पुष्कळांना द्याव्यात. अनेकांना पहिली संधी मिळेल आणि नापसंतीचा शिक्काही कमी जणांवर बसेल.

तळटीप:

@उंबरठा, छोट्या रकमेने नेमकं उलटं होतं. खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाइतका निधी दिला तर उरलेले दोन हिस्से कोण घालणार? ज्याच्या घरून येतील तोच जाणार. आमच्या समितीत 'जास्तीत जास्त विद्यार्थ्यांना लाभ' असा ठराव झाला होता. ज्यांना बाकीची रक्कम उभी करता आली नाही त्यांनी मंजूर निधी परत केला. अहवालात लाभार्थींची संख्या मात्र वाढलेली दिसत होती. पूर्ण खर्च द्या, हे धागाकर्तीचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त त्याची किंमत अशी की मग कमी जणांना देता येणार, आणि कमी जणांना द्यायचं तर निवड जास्त काटेकोर हवी, सैल नव्हे.

चौकस:

इंटर्नशिपचा विषय कुणी काढलाच नाही. नफ्यात चालणारी कंपनी बिनपगारी इंटर्न घेते आणि त्याचा खर्च विद्यापीठ पुरस्कार म्हणून देतं, हे मला अजिबात पटत नाही. विद्यार्थ्यांसाठी जमा झालेल्या पैशातून ही त्या कंपनीला दिलेली मदत झाली. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या इंटर्नशिपला मोबदला देणं कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत खुद्द व्हाइट हाउसमधल्या इंटर्नना २०२२ च्या शरद सत्रापर्यंत वेतन नव्हतं. म्हणजे तोवर तिथे कोण जाऊ शकत होतं, हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठांनी अशा जागांना निधी देणं थांबवलं तरच त्या जागांवर दबाव येईल.

कोरा_कागद:

@चौकस, तत्त्व म्हणून मान्य. पण तो दबाव येईपर्यंत माझ्या वर्गातल्या मुलीने काय करायचं? ज्या छोट्या स्वयंसेवी संस्थेत, संग्रहालयात किंवा कायदा साहाय्य केंद्रात तिला काम शिकायचंय, तिथे पगार द्यायला पैसेच नाहीत. निधी बंद झाला तर संस्था बदलणार नाही. तिच्या जागी दुसरा कुणीतरी, ज्याला पगाराची गरज नाही असा, जाईल.

चौकस:

मग रेष तिथेच आखा. ना-नफा संस्था, संग्रहालयं, सार्वजनिक कार्यालयं यांना निधी. नफ्यातल्या कंपनीसाठी शून्य. एवढं एक वाक्य नियमात घालायला काय हरकत आहे?

आणि 'श्रेयांक (क्रेडिट) मिळतात ना' हा युक्तिवाद कृपया कुणी करू नये. श्रेयांकांनी खोलीचं भाडं भरता येत नाही. एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना उभी केली. तिथे कामाचे पैसे किंवा श्रेयांक, असे दोन्ही पर्याय आहेत. पैशाचा पर्यायच नसेल तर प्रयोगशाळेत कोण दिसणार, हे शिक्षकांनी मान वर करून पाहावं.

पाणवठा:

@तळटीप, तुमच्या अभिलेखागाराच्या उदाहरणातली ती मुलगी मलाही निवडावीशी वाटते. पण सूची चाळायची असते, वाचनकक्षाला आधी पत्र लिहून विचारायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं? बहुधा आधी जाऊन आलेल्या एखाद्या वरिष्ठ विद्यार्थिनीने, नाहीतर वेळ काढणाऱ्या एखाद्या शिक्षकाने. पहिल्याला तसं कुणी भेटलं नसेल. 'सखोल अभ्यासाचा मानस' असं तो लिहितो, कारण अर्जाची भाषा अशीच असते असं त्याला वाटतं. तुम्ही तुलना करताय ती दोघांच्या कुवतीची नाही, त्यांच्या ओळखीपाळखीची.

आणि सोडत मी सगळ्या अर्जांत काढा म्हणत नाही. तुमचा तो पहिला अर्ज छाननीत गळू दे. प्रश्न उरतो तो तिच्यासारख्या पंधरा अर्जांचा आणि सहा जागांचा. तिथे सहावा आणि सातवा यांच्यातला अर्ध्या गुणाचा फरक तुम्ही खरंच छातीठोकपणे सांगू शकता? न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका प्रकारच्या निधीसाठी पात्र प्रस्तावांमधून सोडत काढायला सुरुवात केली. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून आपल्या छोट्या संशोधन निधीसाठी तोच मार्ग चाचणी म्हणून घेतला. तिथल्या विद्वानांना गुणवत्तेची पर्वा नाही असं कुणी म्हणणार नाही.

उंबरठा:

यात एक उदाहरण जोडतो. जोसलिन बेल बर्नेल यांनी १९६७ साली पीएचडीच्या विद्यार्थिनी असताना पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, संकेत पहिल्यांदा टिपले. त्या शोधासाठी १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं. २०१८ मध्ये बेल बर्नेल यांना ३० लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा गटांतल्या विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी देऊन टाकली. नेहमीच्या निवडीतून कोण सुटून जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

तळटीप:

बेल बर्नेल यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या निधीतही निवड होतेच, आणि ती माणसं अर्ज वाचून करतात. गरज हा निकष लावा, मी कधीच नाही म्हटलं नाही. गरज बघायची तर एकेका अर्जदाराकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि सोडतीत नेमकं तेच सुटतं.

सहावा-सातवा हा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. तो फरक अनेकदा आम्ही सांगू शकत नाही, हे खरं आहे. तिथे सोडतीऐवजी मी असं करेन: दोघांना बोलावून प्रत्येकी दहा मिनिटं बोलेन, आणि सातव्याला नकाराच्या पत्रात नेमकं काय कमी पडलं ते लिहून पुढच्या फेरीत अर्ज करायला सांगेन. नेदरलँड्सचा जो अभ्यास तुम्ही सांगितलात त्यात लोक अर्ज करणं सोडतात ही खरी हानी आहे ना? ती चांगल्या नकारपत्राने कमी होईल. 'तुमची चिठ्ठी निघाली नाही' एवढ्यावर त्या विद्यार्थ्याने पुढच्या वेळी काय सुधारायचं?

पाणवठा:

काहीच सुधारायचं नाही, कारण अर्जात काही कमी नव्हतंच. हेच त्याला स्पष्ट कळायला हवं. आत्ता त्याला खोटं कारण दिलं जातं आणि तो ते खरं धरून बसतो.

जमाखर्च:

तुमचं चालू द्या. @कोरा_कागद, पुढच्या वेळी बैठक मुदतीनंतर असेल तर निबंध स्वीकारल्याचं पत्र जोडून विभागप्रमुखांमार्फत 'तत्त्वतः मंजुरी' लेखी मागा. अनेक ठिकाणी तशी तरतूद असते, फक्त कुणी मागत नाही. त्या पत्राची तारीख खर्चाच्या आधीची असेल तर 'मंजुरीपूर्वीचा खर्च' हे कारण लावता येत नाही. खोली वाटून घेतली तर हॉटेलकडून प्रत्येकीच्या नावाची वेगळी पावती निघताना मागून घ्या. नंतर मिळवणं फार कठीण जातं.

तळटीप:

आणि जुन्या पुरस्कारांच्या रकान्यापुरतं मी धागाकर्तीशी सहमत व्हायला तयार आहे. पुरस्कारांच्या नावांऐवजी 'याआधी हाती घेऊन पूर्ण केलेलं एक काम सांगा, निधी मिळालेला असो वा नसो' असा प्रश्न ठेवता येईल. आम्हाला हवी ती खात्री त्यातूनही मिळते. आमच्या समितीपुढे तसा प्रस्ताव ठेवतो. सोडतीला मात्र विरोध कायम.

कोरा_कागद:

सर, त्याच प्रस्तावात बैठकीची तारीखही घ्याल का? सत्रातून एकदाऐवजी दर महिन्याला, छोटी उपसमिती बसली तरी चालेल.